धंद्यात तोटा झाला, आता तो मागे न्यायचा की पुढे? पहिल्यांदाच ठरवणाऱ्यांसाठी

वर्षअखेरीला नफा-तोटा पत्रकाच्या तळाशी आकडा कंसात आला की पहिले दोन दिवस काही सुचत नाही, आणि तिसऱ्या दिवशी अकाउंटंटचा फोन येतो, "तोटा मागे नेऊया की पुढे ठेवूया?" बहुतेक जण "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" म्हणून मोकळे होतात. पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं, कारण प्रश्नच कळला नव्हता. आता कळतो, म्हणून ज्यांची पहिलीच वेळ आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

आधी दोन शब्द समजून घ्या. कॅरी बॅक म्हणजे यंदाचा तोटा मागच्या एखाद्या वर्षाच्या नफ्यातून वजा करायचा, त्या वर्षाचा टॅक्स परत मोजायचा आणि जास्त भरलेला टॅक्स रिफंड म्हणून मागायचा. कॅरी फॉरवर्ड म्हणजे तोटा राखून ठेवायचा, पुढे नफा झाला की त्यातून वजा करायचा आणि तेव्हा टॅक्स कमी भरायचा. आकड्यात बघा, गेल्या वर्षी नफा १००, दर २०%, टॅक्स भरला २०. यंदा तोटा ६०. मागे नेला तर गेल्या वर्षीचा नफा ४० धरला जातो, टॅक्स ८ होतो आणि १२ परत मिळतात. पुढे ठेवला आणि पुढच्या वर्षी ८० नफा झाला तर टॅक्स फक्त २० वर लागतो, म्हणजे तिथेही १२ च वाचले. दर सारखा असेल तर बचत सारखीच, फरक एवढाच की एक पैसा आत्ता हातात येतो आणि दुसरा पुढे कधीतरी, तोही नफा झाला तर. सगळी गंमत या "तर" मध्ये आहे.

पहिली पायरी: हा खरंच टॅक्सच्या हिशोबातला तोटा आहे का

हिशोबाच्या वहीतला तोटा आणि टॅक्सचा तोटा हे दोन वेगळे आकडे असतात आणि नवीन माणूस हमखास इथे फसतो. वहीत तुम्ही घसारा (यंत्रं, गाडी जुनी होत जातात त्यापोटी दरवर्षी धरायचा खर्च) एका दराने लावलेला असतो, टॅक्सचा कायदा दुसऱ्या दराने देतो. सरकारी दंड, मालकाचा घरखर्च, "हे पैसे बुडतील बहुतेक" म्हणून नुसती करून ठेवलेली तरतूद, यातलं बरंचसं टॅक्सवाले खर्च म्हणून मान्य करत नाहीत. त्यामुळे वहीत ९० चा तोटा दिसतो आणि टॅक्सच्या हिशोबात तो ५५ निघतो, कधीकधी तर चक्क नफा निघतो. म्हणून अकाउंटंटला आधी विचारायचं ते एवढंच, टॅक्सचा तोटा नेमका किती?

इथे घसाऱ्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. काही देशांत घसारा किती घ्यायचा हे तुमच्या हातात असतं. कॅनडात टॅक्सचा घसारा पूर्ण घ्यायची सक्ती नाही, कमी घेतला तर उरलेली रक्कम मालमत्तेच्या खात्यात तशीच राहते आणि पुढच्या वर्षांत वापरता येते. तोट्याला मुदत असते पण त्या खात्याला नसते. म्हणजे तोटा वाढवून मग तो कुठे न्यायचा यावर डोकं खाजवत बसण्यापेक्षा घसाराच कमी घेऊन तोटा आटोक्यात ठेवता येतो. भारतात मात्र घसारा घ्यावाच लागतो, पण तिथे नफ्यात न बसलेला घसारा वेगळा धरला जातो आणि तो कितीही वर्षं पुढे नेता येतो, तर धंद्याच्या बाकी तोट्याला ८ वर्षांची मर्यादा आहे. म्हणजे एकाच तोट्याचे दोन तुकडे आणि दोघांचं आयुष्य वेगळं. तुमच्या तोट्यात घसाऱ्याचा भाग किती आहे हे कागदावर वेगळं लिहून ठेवा.

दुसरी पायरी पटकन संपवतो. तोटा कुठल्या जातीचा आहे ते बघा. दुकान, कारखाना, सेवा यातला धंद्याचा तोटा वेगळा, शेअर किंवा जागा विकून झालेला भांडवली तोटा वेगळा. भांडवली तोटा साधारणपणे भांडवली नफ्यातूनच वजा होतो आणि त्याचे मागे-पुढे नेण्याचे नियमही निराळे असतात. भारतात सट्ट्याच्या व्यवहारातला तोटा तर फक्त ४ वर्षं चालतो आणि तोही सट्ट्याच्याच नफ्यातून. आणि हो, मागे-पुढे बघायच्या आधी याच वर्षातलं दुसरं उत्पन्न बघा, भाडं असेल, दुसरा धंदा असेल, बऱ्याच ठिकाणी तोटा आधी त्यातून वजा करता येतो आणि काही ठिकाणी तर आधी तिथेच करावा लागतो. ब्रिटनमध्ये कंपनीला यंदाच्या नफ्यातून वजा केल्याशिवाय तोटा मागे नेताच येत नाही.

तिसरी पायरी: तुमचा कायदा मागे जाऊ देतो का

भारतात कॅरी बॅक नाहीच, त्यामुळे तिथला प्रश्न इथेच संपतो, फक्त रिटर्न वेळेत भरायचं (त्यावर खाली बोलू, ते महत्त्वाचं आहे). कॅनडात धंद्याचा तोटा ३ वर्षं मागे आणि २० वर्षं पुढे नेता येतो. ब्रिटनमध्ये साधारण १ वर्ष मागे, पण नवीन एकट्याने धंदा सुरू केलेल्याला पहिल्या ४ वर्षांतला तोटा ३ वर्षं मागे नेऊन नोकरीच्या पगारावर भरलेला टॅक्ससुद्धा परत मागता येतो, नोकरी सोडून धंद्यात उतरलेल्यांसाठी ही फार कामाची सोय आहे. जर्मनीत २०२२ पासून २ वर्षं मागे. आयर्लंड, नेदरलँड्स, फ्रान्समध्ये कंपन्यांना १ वर्ष. सिंगापूरला १ वर्ष आणि तेही १ लाख सिंगापूर डॉलरपर्यंतच. अमेरिकेत २०१८ पूर्वीचा तोटा २ वर्षं मागे आणि २० वर्षं पुढे जायचा, आता मागे नेणं शेतीच्या तोट्यासारखे थोडे अपवाद सोडले तर बंद आहे, पुढे मात्र कितीही वर्षं नेता येतो.

हे नियम संकटाच्या काळात बदलतात हे लक्षात ठेवा. २०२० मध्ये अमेरिकेने २०१८, २०१९ आणि २०२० चे तोटे ५ वर्षं मागे न्यायला परवानगी दिली होती, ब्रिटनने काही काळापुरते १ चे ३ वर्षं केले, ऑस्ट्रेलियाने २०१९-२० ते २०२२-२३ या वर्षांच्या तोट्यासाठी कंपन्यांना तात्पुरती सोय दिली. म्हणून "मित्राने तर ५ वर्षं मागे नेला" हे ऐकून उड्या मारू नका, आणि मित्राला जमलं नाही म्हणून सोडूनही देऊ नका. तोटा ज्या वर्षी झाला त्या वर्षाचा नियम बघायचा.

चौथी पायरी: जुनी रिटर्न काढा, खरी लढाई इथे आहे

मागे जाता येतं हे कळलं की जितकी वर्षं मागे जाता येतं तितक्या वर्षांची रिटर्न टेबलावर काढा. एका कागदावर प्रत्येक वर्षाचं करपात्र उत्पन्न, प्रत्यक्ष भरलेला टॅक्स आणि त्या उत्पन्नाच्या सगळ्यात वरच्या थरावर लागलेला दर लिहा. सरासरी दर लिहू नका, वरचा थर लिहा, कारण तोटा वजा होतो तो वरून खाली, आधी महागडा थर कापला जातो मग स्वस्त. टॅक्सच भरला नसेल तर रिफंड कसला, ते वर्ष सोडा.

दराचा फरक किती मोठा असू शकतो बघा. अमेरिकेत कंपनीचा वरचा दर २०१७ पर्यंत ३५% होता, २०१८ पासून सरसकट २१%. २०२० च्या त्या सवलतीत ज्यांनी तोटा २०१७ किंवा आधीच्या वर्षांत नेला त्यांना पुढे २१% वाचवण्याऐवजी मागचे ३५% परत मिळाले. ब्रिटनमध्ये नेमकं उलटं झालं, कंपनीचा दर ३१ मार्च २०२३ पर्यंत १९% होता आणि १ एप्रिल २०२३ पासून अडीच लाख पौंडांवरच्या नफ्याला २५% झाला, आणि ५० हजार ते अडीच लाखाच्या मधल्या पट्ट्यात तर वाढीव नफ्यावर प्रत्यक्षात २६.५% बसतात. म्हणजे तिथे त्या काळात मागे नेला तर १९ परत, पुढे ठेवला तर २५ किंवा २६.५ वाचणार. अशा वेळी थांबणाऱ्याला मूर्ख म्हणता येणार नाही.

एकट्याच्या नावावरचा धंदा असेल तर अजून एक खड्डा आहे. प्रत्येक माणसाच्या उत्पन्नाचा खालचा काही भाग करमुक्त असतो. तोटा मोठा असेल आणि मागच्या वर्षीचं उत्पन्न बेताचं असेल तर तोटा वरचे थर खाऊन खाली करमुक्त भागात घुसतो, आणि तिथे खर्च झालेला तोटा वाया, कारण त्या भागावर टॅक्स नव्हताच. कॅनडात मागे किती न्यायचा आणि तीनपैकी कुठल्या वर्षात न्यायचा हे तुम्ही ठरवू शकता, त्यामुळे टॅक्स शून्यावर येईल इतकाच न्यायचा आणि उरलेला जपायचा. ब्रिटनमध्ये एकट्याच्या धंद्यात ही चैन नाही, मागे न्यायचा म्हटला की बसेल तेवढा पूर्ण न्यावा लागतो, करमुक्त भाग वाया गेला तर गेला. जर्मनीत आता मागे नेणं नको असेल तर पूर्णच नाकारावं लागतं, थोडं घेतो थोडं सोडतो असं चालत नाही. म्हणून "थोडा थोडा नेता येतो का" हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका.

पाचवी पायरी: आजचे पैसे आणि परवाचे पैसे

समजा मागे नेला तर २० मिळतात आणि पुढे ठेवला तर दर वाढल्यामुळे २५ वाचतील. वरवर पाहता पुढे ठेवणं फायद्याचं. पण ते २५ कधी मिळणार? वर्षाला १०% व्याज धरा, कारण ओव्हरड्राफ्टवर तुम्ही तेवढं किंवा त्याहून जास्त भरतच असता. ३ वर्षांनी मिळणाऱ्या २५ ची आजची किंमत साधारण १८.८ होते, म्हणजे आजचे २० बरे. २ वर्षांनी मिळणार असतील तर २०.७ होते, म्हणजे थांबणं किंचित बरं. एवढा बारीक फरक असतो, आणि यात अजून नफा होईल की नाही हे धरलेलंच नाही. नफ्यात यायची शक्यता दहात सहा असेल तर ते १८.८ सरळ ११ वर येतात. हा हिशोब पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांत होतो, पण कुणी करत नाही, सगळे "पुढच्या वर्षी धंदा दुप्पट होणार आहे" यावर निर्णय घेतात. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

माझं मत विचाराल तर, धंदा लहान असेल, हातात रोकड कमी असेल आणि मागच्या वर्षी बऱ्यापैकी दराने टॅक्स भरलेला असेल तर मागे न्या, फार विचार करू नका. मागे भरलेल्या टॅक्सची पावती तुमच्याकडे आहे, पुढचा नफा अजून फक्त तुमच्या डोक्यात आहे. पुढे ठेवायचं ठोस कारण असेल तरच पुढे ठेवा, म्हणजे दर खरंच वाढणार आहे आणि ऑर्डर हातात आहेत, किंवा मागचं वर्ष इतकं किरकोळ होतं की तोटा करमुक्त भागात वाया जाईल.

पुढे ठेवलेला तोटा पुढच्या नफ्यातून पूर्ण वजा होईलच असंही नाही. अमेरिकेत पुढे आणलेला तोटा त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नाच्या ८०% पर्यंतच वापरता येतो. १०० चा तोटा पडून आहे आणि १०० नफा झाला तरी २० वर टॅक्स भरायचाच, उरलेला २० चा तोटा पुन्हा पुढे. जर्मनी, ब्रिटन, फ्रान्समध्येही अशा मर्यादा आहेत पण त्या दशलक्षांच्या पुढे सुरू होतात, लहान धंद्याला त्यांची झळ लागत नाही.

सहावी पायरी, म्हणजे लपलेल्या गोष्टी

मागच्या वर्षाचं उत्पन्न बदललं की त्याच्यावर टांगलेलं सगळं हलतं. त्या वर्षी वापरलेल्या टॅक्स सवलती आणि क्रेडिट निरुपयोगी होऊ शकतात, उत्पन्नाच्या प्रमाणात मिळणाऱ्या गोष्टी पुन्हा मोजाव्या लागू शकतात. एका टॅक्सला लागू असलेलं दुसऱ्याला लागू नसतं, जर्मनीत आयकराला कॅरी बॅक आहे पण नगरपालिकेला जाणाऱ्या व्यवसाय कराला नाही, तिथे तोटा फक्त पुढे जातो. अमेरिकेत राज्यांचे नियम केंद्राशी जुळतीलच असं नाही. आणि "मागे" म्हणजे लगेच रोख हेही प्रत्येक ठिकाणी खरं नाही, फ्रान्समध्ये कंपनीला आधी सरकारवरचं येणं मिळतं, ते पुढच्या टॅक्समध्ये वापरायचं आणि उरलं तर ५ वर्षांनी पैसे परत. मग आपला पाचव्या पायरीतला "आजचे २०" हा हिशोब तिथे चालतच नाही. व्याजाचीही आशा धरू नका, कॅनडात मागे नेलेल्या तोट्याच्या रिफंडवर त्या जुन्या वर्षापासून व्याज मिळत नाही.

नवीन पार्टनर घेताय, शेअर विकताय, धंदा विकायचा विचार चाललाय? मग पुढे ठेवलेल्या तोट्याकडे दोनदा बघा. मालकी बदलली की जुना तोटा अडतो किंवा गळून पडतो असे नियम बऱ्याच देशांत आहेत, नाहीतर लोक तोट्यातल्या कंपन्या नुसत्या तोट्यासाठी विकत घेत बसले असते. भारतात प्रायव्हेट कंपनीत तोटा झाला त्या वर्षीच्या शेअरहोल्डरांकडे किमान ५१% मतदानाचा हक्क राहिला नाही तर साधारणपणे तो तोटा पुढे वापरता येत नाही, पात्र स्टार्टअपना थोडी वेगळी सूट आहे. आणि धंदा बंदच करणार असाल तर पुढे ठेवलेला तोटा म्हणजे बंद दुकानाची किल्ली. तिथे मागे नेण्याचा काही मार्ग आहे का तेच शोधा, ब्रिटनमध्ये धंदा बंद करताना शेवटच्या १२ महिन्यांचा तोटा ३ वर्षं मागे नेता येतो.

सातवी पायरी: तारीख

यावर मी स्वतः मार खाल्लाय. तोट्याचं वर्ष होतं, टॅक्स तर काही भरायचा नाही मग रिटर्नची एवढी घाई कशाला, असं म्हणून मी बसून राहिलो. रिटर्न उशिरा गेलं, दंड किरकोळ लागला, पण तोटा पुढे नेण्याचा हक्कच गेला आणि ते दोन वर्षांनी नफा झाला तेव्हा कळलं. अकाउंटंट ओरडला नाही, नुसता बघत राहिला, ते जास्त लागलं. भारतातही नियम हाच आहे, धंद्याचा तोटा पुढे न्यायचा तर रिटर्न ठरलेल्या तारखेच्या आत भरलंच पाहिजे. घसाऱ्याच्या भागाला ही अट नाही, म्हणून तर तो वर वेगळा लिहायला सांगितला.

मागे नेणाऱ्यांनी मुदत आणि फॉर्म दोन्ही बघायचे. ब्रिटनमध्ये कंपनीला तोट्याचा हिशोबी काळ संपल्यापासून २ वर्षांत मागणी करावी लागते. कॅनडात जुनं रिटर्न दुरुस्त करून भरायचं नसतं, त्यासाठी वेगळा फॉर्म आहे, एकट्याच्या धंद्याला टी१ए आणि कंपनीला टी२ रिटर्नचं चौथं परिशिष्ट, तो तोट्याच्या वर्षाच्या रिटर्नबरोबर जातो. बरेच जण उत्साहाने जुनं रिटर्न उघडून त्यातच खाडाखोड करायला जातात. आणि कुठेही "हा निर्णय बदलता येणार नाही" असं लिहिलेलं दिसलं तर पेन खाली ठेवा, एक रात्र जाऊ द्या. अमेरिकेत ज्या तोट्याला मागे जाता येतं तो मागे नेणार नाही असं एकदा लिहून दिलं की नंतर फिरवता येत नाही.

जुनं वर्ष उघडलं की टॅक्सवाले त्या वर्षाचे बाकीचे खर्चही बघू शकतात, त्यामुळे त्या वर्षाच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, करार हाताशी आहेत का ते आधी तपासा. नसतील तर आधी फाइल जमवा मग अर्ज करा. पुढे ठेवणाऱ्यांचं काम उलट लांबतं, तोटा २०१९ चा आणि वापरला २०२६ मध्ये तर २०१९ चे कागद तोपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं जपावे लागतात, कारण प्रश्न विचारला जाईल तो वापरल्यावर. एक साधी वही घाला, तोट्याचं वर्ष, रक्कम, त्यातला घसारा, मागे किती नेला, पुढे किती वापरला, शिल्लक आणि कधी संपणार. अकाउंटंट बदलला की ही वहीच कामाला येते, नव्या माणसाला जुना तोटा कुणी सांगत नाही आणि तो विचारतही नाही. वेगवेगळ्या वर्षांचे तोटे असतील तर सहसा सगळ्यात जुना आधी वापरला जातो.

रिफंड आला की तो यंदाच्या विक्रीत जमा दाखवू नका, असं करणारे पाहिलेत मी. आपलाच आयकर परत आलाय, ती कमाई नाही. त्याच्याबरोबर व्याज आलं असेल तर ते मात्र वेगळं काढून ठेवा, बऱ्याच ठिकाणी त्या व्याजावर टॅक्स लागतो.